खिशातला फ्यूज

१

गुरुवारी सकाळी दहा वाजायच्या बेताला ज्योतीराम गच्चीवर सापडला. पाणी तापवणाऱ्या नव्या यंत्रासमोर तो कुशीवर पडला होता. खालची फरशी ओली होती. डाव्या हातात टेस्टर होता आणि उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. घराचे मालक भिमाजी धापा टाकत वर आले, त्यांनी लाकडी काठीनं त्याला यंत्रापासून बाजूला ढकललं आणि मग पोलिसांना फोन केला. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रहाटणीतलं ते तीन मजली घर. पोलीस आले, पंचनामा झाला. टेस्टर हातात, म्हणजे कामगार चालू लाईनवर काम करत होता. एका ओळीत सगळं आटोपलं.

दुसरी ओळ श्रद्धाला लिहायची होती. यंत्र अनुदान योजनेतलं असल्यामुळे योजनेच्या पिंपरीतल्या कार्यालयानंही अहवाल द्यायचा होता. श्रद्धा तिथं कंत्राटी तपासणी अधिकारी होती. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., वय सव्वीस. दिवसभर संगणकासमोर बसून लोकांनी पाठवलेले हीट पंपांचे फोटो बघायचे आणि खाली शेरा मारायचा, एवढंच तिचं काम. हवेतली उष्णता ओढून गीझरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत पाणी तापवणारं हे यंत्र तिला फार सुंदर वाटायचं. प्रत्यक्षात तिनं ते दोनदाच पाहिलं होतं.

अहवालाच्या अर्जात ‘अपघाताचे कारण’ या शब्दांपुढे तीन पर्याय होते. कामगाराचा निष्काळजीपणा. यंत्रातील दोष. नैसर्गिक आपत्ती. यांतला एक निवडल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता.

“पहिला टाक आणि मोकळी हो,” पलीकडच्या टेबलावरून मंजुषाताई म्हणाल्या. “मुदत शुक्रवारची आहे. आज मंगळवार.”

श्रद्धानं पहिल्या पर्यायावर बाण नेला आणि तो तिथंच ठेवला. कारण त्या घराच्या फाइलवर आधीचे दोन शेरे होते. दोन्हींखाली ‘त.अ. १४’ असं लिहिलेलं होतं, आणि चौदा नंबर तिचा स्वतःचा होता.

तेवढ्यात दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगात वायरिंगच्या कंपनीचा फिकट निळा एप्रन, हातात प्लास्टिकची पिशवी.

“रहाटणीच्या केसचा रिपोर्ट कोण लिहितंय?” तिनं विचारलं. “मी पूनम. ज्योतीरामची बायको.”

२

पूनम चाकणला एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायची. गाव लातूरकडचं. ती रडली नाही. पिशवीतून एकेक वस्तू काढून तिनं टेबलावर मांडली: मोबाइल, पाकीट, तंबाखूची डबी आणि शेवटी चिनीमातीचा, धुरानं तपकिरी झालेला एक फ्यूज. असल्या फ्यूजला सगळे किटकॅट म्हणतात.

“पोलिसांनी खिशातलं सामान म्हनून दिलं. हे बघितलं का कुनी?”

“हा फ्यूज त्यांच्या खिशात होता?”

“शर्टाच्या वरच्या खिशात. मॅडम, ह्यांची रीतच होती ती. कामाला हात लावायच्या आधी मीटरवरचा किटकॅट उपसायचा आन् खिशात घालायचा. बोर्डावर ठेवला तर कुनीतरी परत लावतंय. खिशात असला म्हंजे आपला जीव आपल्यापाशी, असं म्हनायचे. मला सुद्धा शिकिवलं होतं.” तिनं फ्यूज हातात घेतला. “मग शाक बसला कसा?”

श्रद्धानं फ्यूज उलटून पाहिला. आतली तार शाबूत होती. फ्यूज काढला म्हणजे वाट तुटली, आणि वाट तुटली की वीज येत नाही. यात मधलं काही नसतं.

“मला नुसतं एवढंच पाहिजे,” पूनम म्हणाली. “त्यांच्या नावापुढं निष्काळजी लिहू नका. बारा वर्षं लाईनचं काम केलं त्यांनी. त्यांच्या हाताखाली चौघं शिकली. गावाकडं सासरे विचारायलेत, पोरानं काय चूक केली म्हनून. काय सांगू?”

मग तिनं मोबाइल पुढं केला. पडद्यावर योजनेकडून आलेला संदेश होता: ‘अंतर्गत क्रमांकपट्टीचे छायाचित्र अस्पष्ट. पुन्हा काढून पाठवावे. त.अ. १४.’

“ह्या मेसेजमुळं ते त्या दिवशी गेले. ही चौदा नंबरची कोन हाय? तुमच्याच हापिसात बसती का?”

श्रद्धाची नजर फ्यूजवर खिळली होती.

“मी शोधते,” ती म्हणाली. “आधी फ्यूजचं बघू.”

मंजुषाताईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

३

भिमाजींच्या घराचा जिना अरुंद होता. जिन्याखालीच मीटरचा लाकडी बोर्ड. तळमजल्यावर भिमाजींचं जागेच्या व्यवहारांचं ऑफिस, पहिल्या मजल्यावर ते आणि त्यांची आई सुभद्राबाई, दुसऱ्यावर मुलगा रणजीत आणि सून विजयश्री. सून सकाळी आठलाच नोकरीला जायची.

“अनुदानाच्या नादी लागलो न्हाई पायजे व्हतं,” भिमाजी खुर्चीत रेलून म्हणाले. “आमी पंप बशिवला आमच्या मीटरवर. तुमच्या हापिसानं काय कळवलं? बिलावरचं नाव अर्जदाराचं न्हाई. अवो, बिल आमच्या वडलांच्या नावावर येतंय. भैरूआण्णा जाऊन एकोणीस वर्सं झाली, पर बिल त्येंच्याच नावानं भरतोय. मेलेला मानूस येऊन सही करनार हाय का?”

“नाव बदलून घेता आलं असतं.”

“तीन बहिनींच्या सह्या लागत्यात त्याला! बहिनी म्हनत्यात, आधी जमिनीचं बोला, मग मीटरचं.” ते कोरडं हसले. “मग पोरानं सुनंच्या नावानं अर्ज केला. दुसऱ्या मजल्याचा मीटर तिच्या नावावर हाय.”

वीजबिलावरील नाव अर्जदाराशी जुळत नाही. यंत्र अर्जदाराच्याच मीटरवर असावे. हा पहिला शेरा. तोही चौदा नंबरचा.

“गुरुवारी तुम्ही कुठे होता?”

“नाक्यावर, चहाच्या टपरीवर. गिऱ्हाईक घेऊन गेलो व्हतो. धाला मागं आलो, वर गेलो, तर हे असं.”

“आणि रणजीत?”

“मी पहिल्या शिफ्टला होतो चाकणला,” दारातून आवाज आला. तिशीचा, उंच, थकलेल्या डोळ्यांचा माणूस उंबऱ्याबाहेर बूट काढत होता. जाड काळे, टाचेवर पिवळी पट्टी असलेले. त्यानं ते बोटावर टांगून आत आणले. “बूट बाहेर ठेवायची सोय नाही, कुत्री पळवतात. कंपनी वर्षाला एकच जोड देते, मॅडम. सेफ्टी शूज नसले की गेटवरूनच माघारी. पगारी रजा पण धरत नाहीत.”

“तुम्ही तिथं काय काम करता?”

“मेंटेनन्सला आहे. इलेक्ट्रिकल.”

श्रद्धा बोर्डापाशी गेली. तीन मीटर, प्रत्येकाखाली एक किटकॅट. दोन जुने, धुरानं तपकिरी झालेले. मधला, भैरूंच्या नावाच्या मीटरचा, पांढराशुभ्र. त्याच्या खाचेत बोटभर जाड धूळ होती. फ्यूजवर मात्र कणही नव्हता.

“हा कोणी बसवला?”

“काय म्हाईत,” भिमाजी म्हणाले. “सुजितनं बसवला आसंल. पंपाचा ठेकेदार.”

४

सुजितचं दुकान काळेवाडीच्या रस्त्याला होतं. दुकानात चार हीट पंपांचे खोके रचलेले, आणि त्यांवर चढून मांजर झोपलेलं. ज्योतीराम सात वर्षं त्याच्याकडे कामाला होता.

“मी तिथं सव्वादहाला पोचलो ओ. पोलीस आले होते. बोर्डाला मी हात पण लावलेला नाही, आईशप्पथ.” त्याच्या चेहऱ्यावर चार दिवसांची दाढी होती. “लोकं म्हणतात माझा माणूस निष्काळजी होता. मी काय बोलणार? टेस्टर हातात होता त्याच्या.”

“तो टेस्टर कुठला? साधाच, आत छोटा दिवा पेटतो तो?”

“हो. सगळ्यांकडे असतो.”

“एक द्या.”

श्रद्धा दुकानाबाहेर पायरीवर आली. सकाळचे दहा, एप्रिलचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. सुजितनं तिच्या सांगण्यावरून लांब वायरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणला. तिनं टेस्टर चालू सॉकेटमध्ये घातला. दिवा पेटला की नाही, काहीच दिसेना. मग तिनं दुसऱ्या हाताची ओंजळ त्यावर धरली. सावलीत बारीक नारिंगी ठिपका धगधगत होता.

“आयला,” सुजित पुटपुटला.

“निऑनचा उजेड उन्हापुढं टिकत नाही. ज्योतीरामनं लाईन तपासली होती. त्याला दिसलं नाही. आणि फ्यूज खिशात असल्यामुळे ओंजळ धरून बघावं, असं त्याला वाटलं नाही.” ती थांबली. “तो चालू लाईनवर काम करत नव्हता. लाईन बंद आहे याची त्याला खात्री होती.”

“पण मॅडम, यंत्र चालू असतं तर आवाज आला असता ना? पंखा फिरला असता.”

“टाकीतलं पाणी पंचावन्नपर्यंत तापलं की यंत्र आपोआप गप्प होतं. वीज असते, आवाज नसतो. आणि ते चालताना हवेतलं पाणी खाली ठिबकतं. ज्योतीराम त्याच पाण्यात उभा होता.” तिनं टेस्टर परत केला. “सुजितभाऊ, सूनबाईंच्या नावानं अर्ज केला तेव्हा यंत्र त्यांच्या मीटरवर आहे असा दाखला जोडलाय तुम्ही. खरंच होतं का ते?”

सुजितनं खोक्यावरच्या मांजराकडे पाहिलं.

“रणजीत म्हणाला, मी स्वतः इलेक्ट्रिशियन आहे, रविवारी बदलून टाकतो. मी दाखला दिला. बदलली की नाही ते बघायला गेलो नाही.”

“ज्योतीरामला सांगितलंत? त्यानं तर वायर भैरूंच्या मीटरला जोडली होती. त्याच मीटरचा फ्यूज तो काढणार.”

“सांगायचं राहून गेलं, मॅडम.”

पण मग एक गोष्ट उरत होती. योजनेच्या फाइलमध्ये पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत होती, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं: यंत्राची वायर मधल्या मीटरला जोडलेली. म्हणजे भैरूंच्याच. रविवारी वायर बदलली असेल, तर गुरुवारी ती परत जागेवर कशी आली?

५

सुभद्राबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले. समोरच्या भिंतीवर भैरूआण्णांचा फेटा बांधलेला फोटो आणि त्यापुढं लाल रंगाचा बारका बल्ब.

“त्यो बलब म्या इझू देत न्हाई,” त्या म्हणाल्या. “मालकास्नी अंधाराचा लई राग.”

“आजी, गुरुवारी सकाळी तो विझला होता का?”

सोलणारा हात थांबला. “व्हय गं. तुला कोन म्हनलं? म्या हितंच बसल्याली. त्यो पंपवाला जिन्यानं खाली गेला, आन् लाईट गेली. मागनं वर चढला. जाताना मला म्हनला, आजी, धा मिन्टं पंखा बंद राहील हां. भला मानूस.”

“मग?”

“मग म्या समई लावली. तेवढ्यात वर आरडला. एकदाच आरडला.” त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. “आन् मग बलब लागला.”

श्रद्धा पलंगाजवळ सरकली. “आजी, नीट आठवून सांगा. आधी ओरडला की आधी बल्ब लागला?”

“आठवायचं काय त्यात? आधी आरडला. मग म्या देवाचं नाव घेत बसले. बऱ्याच येळानं बलब लागला.”

म्हणजे तो ओरडला तेव्हा या मीटरची लाईन मेलेली होती. यंत्रात आलेली वीज दुसरीकडून आली होती. आणि तो पडल्यावर कोणीतरी बोर्डापाशी येऊन नवा फ्यूज बसवला होता.

“आजी, तुम्ही कोणाला हाक का नाही मारली?”

“मारनारच व्हते, गं बाई. पर पावलं वाजली. जिन्यानं धाडधाड कुनीतरी खाली गेलं. म्हनलं, गेलं कुनीतरी मदत आनाया. म्हनून म्या गप बसले.” म्हातारीचे डोळे भरून आले. “भिमाजीला यायला धा मिन्टं लागली. पर आला की न्हाई?”

श्रद्धा उठली. भिमाजी नाक्यावर होते. ते आले ते खालून वर. सुजित बाहेर होता. आजींच्या दारावरून खाली धावणारी पावलं वरून आली होती, आणि वर ज्योतीरामखेरीज एकच घर होतं.

माणूस ओरडला की लोक त्याच्याकडे धावतात. हा उलट दिशेनं धावला होता.

६

पण रणजीत तर चाकणला शिफ्टवर होता. पोलिसांना तसं सांगितलं होतं आणि अपघात म्हटल्यावर कोणी पडताळून पाहिलं नव्हतं.

श्रद्धा ऑफिसात परत आली आणि फाइलचा असा एक भाग तिनं उघडला, जो कोणी कधी उघडत नसे: नाकारलेले फोटो. चौकटीत लाभार्थी, यंत्र आणि टाकी यांखेरीज काही आलं की संगणक तो फोटो आपोआप बाद करायचा. कपडे बाद. कुंड्या बाद. लोक वैतागून फोन करायचे, ‘मॅडम, गच्ची आहे, प्रयोगशाळा नाही.’ तीही कंटाळून तेच उत्तर द्यायची, ‘नियम आहे.’

गुरुवारी नऊ वाजून छत्तीस मिनिटांनी ज्योतीरामनं पाठवलेला एक फोटो तिथं पडला होता. त्याच्या आयुष्यातला शेवटचा. ‘चौकटीत अनावश्यक वस्तू. अमान्य.’

तिनं तो मोठा केला. यंत्र, टाकी आणि मागं कठड्यावर धुऊन वाळत घातलेले काळे बूट. टाचेवर पिवळी पट्टी.

वर्षाला एकच जोड. नसला तर गेटवरूनच माघारी.

आता शेवटचा दुवा. अर्ज भरताना प्रत्येक लाभार्थी एका अटीवर सही करतो, की योजनेला त्याच्या मीटरची अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद बघता येईल. वर्षभरात एकाही फाइलची नोंद कोणी बघितली नव्हती. श्रद्धानं दोन्ही मीटर उघडले.

भैरूंचा मीटर: रविवारी दुपारपर्यंत रोज सकाळी यंत्राचा उंचवटा, त्यानंतर सपाट.

विजयश्रीचा मीटर: रविवार संध्याकाळपासून तोच उंचवटा. गुरुवारी दहाच्या नोंदीपर्यंत. मग एकदम शून्य.

आणि गुरुवारी दहानंतर यंत्र पुन्हा भैरूंच्या मीटरवर होतं.

तिनं खुर्चीला पाठ टेकली. मंजुषाताई तिच्यामागं येऊन उभ्या होत्या.

“हे लिहिलंस तर तुझे दोन शेरे पण लिहावे लागतील,” त्या हळूच म्हणाल्या. “कंत्राट जूनमध्ये संपतंय तुझं.”

“माहीत आहे.”

७

अपघाताला आठवडा झाला त्या गुरुवारी संध्याकाळी भिमाजींच्या ऑफिसात पाच माणसं होती: भिमाजी, रणजीत, सुजित, श्रद्धा आणि पूनम. श्रद्धानं वाकड पोलीस ठाण्यात कळवून ठेवलं होतं. हवालदार अर्ध्या तासात येणार होता. तिला तोवर हे पूनमसमोर व्हायला हवं होतं.

तिनं टेबलावर तपकिरी फ्यूज ठेवला. शेजारी कठड्यावरच्या बुटांचा फोटो. शेजारी मीटरच्या नोंदी. मग एकामागून एक सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. कोणाकडे बोटही दाखवलं नाही.

भिमाजी ताडकन उठले. “माझ्या घरात येऊन माझ्या पोरावर आळ घेती व्हय? त्यो शिफ्टला व्हता म्हनून सांगितलं ना!”

“अण्णा,” रणजीत म्हणाला. “बसा.”

“का बसू? सांग की हिला, कंपनीत व्हतो म्हनून!”

“दुसरी शिफ्ट होती माझी.” त्यानं फोटोवरून नजर हलवली नाही. “झोपलो होतो. आवाज आला. बाहेर आलो तर जिन्यावरून दिसला पडलेला. हात यंत्रावर. मला एका क्षणात समजलं सगळं. वायर मीच बदलली होती ना.”

“मग वर का नाही गेला तुमी?” पूनमनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, पत्ता विचारावा तसा.

“मला वाटलं आधी लाईन बंद करावी.”

“केली की बंद,” श्रद्धा म्हणाली. “तुमच्या मीटरचा किटकॅट उपसला तेव्हाच लाईन बंद झाली. एका सेकंदात. त्यानंतर वर जाता आलं असतं. मेंटेनन्सला आहात, छाती कशी दाबायची ते कंपनीनं शिकवलं असेल.”

“दरवर्षी शिकवतात,” रणजीत म्हणाला.

“पण तुम्ही वायर सोडवली आणि परत मधल्या मीटरला जोडली. फ्यूजची जागा रिकामी दिसली, म्हणून घरातला नवा आणून बसवला. वायरला हात लावताना स्वतःच्या मीटरचा फ्यूज मात्र न विसरता काढून ठेवलात.”

“बिगरपरवाना वायर बदलली, माणूस मेला. नोकरी गेली असती, विजयश्रीचं नाव कागदावर. मला वाटलं, तो गेलाच आहे. गेलेल्याला काय फरक पडतो?”

“तो लगेच गेला नव्हता,” सुजित भिंतीकडे बघत म्हणाला. “डॉक्टर म्हणाले मला. पाच-सात मिनिटं धुगधुगी असावी. मी कोणाला बोललो नाही.”

पूनमनं पदर तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

जिन्यात काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. सुभद्राबाई भिंतीला धरून, एकेक पायरी बसत बसत खाली आल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी त्या खाली उतरल्या असाव्यात. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी नातवाकडे पाहिलं.

“रणजीत,” त्या म्हणाल्या. “ती पावलं तुजी व्हती का रं?”

त्यानं मान खाली घातली.

“तुज्या पावलांमुळं म्या हाक न्हाई मारली.” म्हातारीनं जिन्याखालच्या बोर्डाकडे बघितलं. “गेलं कुनीतरी मदत आनाया, म्हनून बसले समईपुढं.”

बाहेर मोटारसायकल थांबली. हवालदार आला होता.

८

शुक्रवारी दुपारी श्रद्धानं अर्ज उघडला. तीन पर्याय तसेच होते. तिनं कोणताही निवडला नाही. अहवाल साध्या कागदावर हातानं लिहिला, चार पानं. त्यात ज्योतीरामच्या नावापुढं लिहिलं: लाईन बंद केली, फ्यूज जवळ ठेवला, टेस्टरनं तपासले, काळजी घेण्यात कसूर नाही. रणजीतचं लिहिलं. सुजितचं लिहिलं. मग दोन्ही शेरे अक्षर न बदलता उतरवले आणि खाली लिहिलं: पहिल्या शेऱ्यामुळे वायर बदलली गेली, दुसऱ्यामुळे कामगार गच्चीवर गेला आणि धुळीनं भरलेली क्रमांकपट्टी वाचता यावी म्हणून त्यानं ती हातानं पुसली. पट्टी विजेच्या जोडणीला लागून आहे. यंत्र न पाहता शेरे देण्यात आले.

खाली तिनं नंबर लिहिला नाही. पूर्ण नाव लिहिलं.

पूनम प्रत न्यायला आली होती. ती पहिलं पान हळूहळू, ओठ हलवत वाचत गेली. ‘कसूर नाही’पाशी थांबली, त्या शब्दांवर बोट ठेवून पुन्हा वाचली. मग पुढची पानं. शेवटच्या पानावर आल्यावर तिनं वर पाहिलं.

“म्हंजे चौदा नंबर तुमी.”

“हो.”

“पयल्या दिवशी विचारलं होतं मी.”

“हो. तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही.”

पूनमनं कागदांची घडी घातली. एकदा, मग दुसऱ्यांदा, नखानं कड दाबत. श्रद्धा काहीतरी ऐकायची वाट बघत राहिली, शिवी, रडणं, काहीही.

“किटकॅट पोलिसांनी ठेवून घेतला,” पूनम म्हणाली. “पुरावा हाय म्हनले. केस संपली की परत भेटंल का?”

“मी अर्ज करते.”

“नको.” तिनं घडी एप्रनच्या वरच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला. “तुमी नका करू अर्ज. तुमच्या अर्जाला शेरा येतोय. मी सोता जाऊन आनीन.”

ती गेली. पलीकडे मंजुषाताईंच्या संगणकावर नवा फोटो आला होता: कुठल्यातरी गच्चीवरचं यंत्र, शेजारी हसणारं कुटुंब, मागं दोरीवर वाळत घातलेले कपडे. संगणकानं तो बाद केला होता. श्रद्धानं उठून त्या फोटोखालचा पत्ता कागदावर लिहून घेतला, पिशवी उचलली आणि बस पकडायला बाहेर पडली.